हिंजवडीजवळ फ्लॅट की पेठेत खोली?

पुण्यात हिंजवडीच्या आयटी पार्कात जॉब लागला की पहिला प्रश्न, राहायचं कुठं? मी दोन्हीकडे राहिलोय म्हणून सांगतो.

वाकडला फ्लॅट नवा, लिफ्ट, पार्किंग, खाली जिम (दोनदा गेलो असेन), ऑफिस जवळ. पण पावसाळ्यात भुमकर चौकात अडकलात की जवळ-लांब सगळं सारखंच, वर उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये. रविवारी करायचं काय, तर मॉल.

सदाशिव पेठेत उलटं. जुना वाडा, गाडी लावायला जागा नाही, मालकांच्या सूचना संपत नाहीत, ऑफिस वीसेक किलोमीटर म्हणजे रोजचे अडीच तास गेलेच समजा. पण चालत निघालं की तुळशीबाग, मंडई, मूड आला तर भरत नाट्य मंदिरला नाटक, सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या, आणि मेसच्या काकू दोन दिवस दिसलो नाही तर विचारायच्या, "काय रे, बरा आहेस ना?" वाकडला शेजारच्याचं आडनाव मला दीड वर्षाने कळलं, तेही कुरिअरवाल्याकडून.

ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस असेल तर सरळ पेठ बघा. रोज जायचं असेल तर वाकडच, उगाच हिरोगिरी नको. मी सध्या वाकडला आहे, पण शनिवारी जेवायला काकूंकडेच जातो.