खडी क्रशरची बँक गॅरंटी: दीड वर्षाच्या वापरानंतर

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र हातात आलं की क्रशरवाले क्षमता आणि मुदत बघतात, मागची परिशिष्टं तशीच फाइलला लागतात. बँक गॅरंटीचा, म्हणजे अटी पाळल्या नाहीत तर ठरलेली रक्कम मंडळाला देण्याच्या बँकेच्या हमीचा, तक्ता तिथेच असतो. त्यात पूर्ततेची आणि वैधतेची अशा दोन वेगळ्या तारखा असतात. पहिलीपर्यंत काम उरकायचं, दुसरीपर्यंत गॅरंटी जिवंत ठेवायची. बहुतेक गफलती इथेच होतात.

खर्च पाहू. गॅरंटी ५ लाखांची, मार्जिन (बँकेकडे अडकवायचा हिस्सा) २५ टक्के, म्हणजे १ लाख २५ हजारांच्या एफडीवर बँकेचा लीन, म्हणजे हक्क; तोवर ती मोडता येत नाही. कमिशन २ टक्के धरलं तर १०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, वर्षाला ११,८००. वैधता ३ वर्षं आणि वर १ वर्षाचा क्लेम पीरियड (वैधता संपल्यावरही रक्कम मागता येण्याची मुदत) असेल, आणि बँकेनं सगळं एकदम कापलं, तर ४७,२००. कोटेशन मागताना क्लेम पीरियडचं कमिशन धरलंय का, हे आधी विचारा. हातात पैसा असेल तर शंभर टक्के एफडीवरची गॅरंटी मला जास्त पटते: कमिशनात घासाघीस करता येते आणि व्याज चालू राहतं.

गॅरंटीचा कागद मंडळाच्या कार्यालयातून परत येतो तो बारीकसारीक चुकांनी. लाभार्थीचं, म्हणजे मंडळाच्या अधिकाऱ्याचं, पदनाम आदेशातल्यासारखं अक्षरशः हवं. मसुदा बँकेचा नको, कार्यालयाचा हवा. स्टँपपेपर सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. लाभार्थीच्या बँकेचा आयएफएससी चुकला तर एसएफएमएसवरचं (बँकांच्या आपसातल्या संदेश यंत्रणेवरचं) कन्फर्मेशन भलतीकडे जातं आणि गॅरंटी असूनही नसल्यासारखी होते. ई-बँक गॅरंटीत (ऑनलाइन निघणाऱ्या गॅरंटीत) कागदाची ही कटकट बरीच कमी आहे, फक्त कार्यालय ती घेतं का ते अर्जाआधी विचारून घ्या. विमा कंपन्यांचे शुअरिटी बाँड (बँकेऐवजी विमा कंपनीची हमी) २०२२ पासून आले आहेत, पण आदेशात ‘बँक गॅरंटी’ लिहिलं असेल तर लेखी होकार मिळाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

गॅरंटी जप्त होण्याचं मूळ मात्र बँकेत नसतं, धुळीत असतं. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेतले धूलिकण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवेत. स्प्रिंकलर सगळेच बसवतात आणि मग बंद ठेवतात, कारण ओल्या कचीनं चाळणीची जाळी बुजते आणि माल निघत नाही. म्हणून पाणी हॉपरवर (दगड ओततात त्या तोंडावर) आणि बेल्ट जिथे दुसऱ्या बेल्टवर माल टाकतो तिथे मारा; चाळणीला पाण्याऐवजी पत्र्याचं बंदिस्त आवरण करा. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं नोझलची भोकं बुजतात, तेव्हा लाइनला फिल्टर लावा आणि नोझल आठवड्याला उघडून साफ करा. वारा अडवणारी भिंत, आवारातला पक्का रस्ता आणि कडेची झाडं यांचे तारखेसह फोटो दर महिन्याला काढून ठेवा.

मुदत संपत आली आणि वाढ दिली नाही, तर ‘मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या’ असं मंडळाचं पत्र थेट बँकेला जातं. मागणी अटींप्रमाणे असेल तर बँक तुमची बाजू ऐकत बसत नाही, पैसे देते. म्हणून वाढीचा अर्ज वैधता संपण्याच्या ४५ दिवस आधी बँकेत द्या. काम पूर्ण झालं की पूर्तता अहवाल आणि फोटो जोडून गॅरंटी मुक्त करण्याचा अर्ज मंडळाकडे करा, पोच घ्या. मूळ कागद किंवा मुक्ततेचं पत्र बँकेत पोहोचेपर्यंत एफडीवरचा लीन सहसा हलत नाही. या पत्रासाठी स्वतः पाठपुरावा करावा लागतो, आपोआप ते येत नाही.