घोंगडीआडून दादाचा आवाज आला आणि आमचे 78,102 रुपये गेले

दोन वेळा 501, मग 5,100, मग 21,000 आणि शेवटी 51,000. एकूण 78,102 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली त्यानं पहिल्यांदा तोच विचारला. यातले शेवटचे 51,000 गेले तेव्हा मी तिथंच बसलो होतो. मी तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडच्या भागात आहे. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकवतो म्हणून ज्यानं हे पैसे घेतले, त्या माणसाचं नाव लिहीत नाही, प्रकरण पोलिसात आहे. पण सध्या पेरण्या झाल्या की गावोगाव अशा बैठका भरतात आणि बायाबापड्या पहाटेच्या एसटीनं निघतात, म्हणून हे लिहितोय.

सप्टेंबर 2023 मध्ये माझा मोठा भाऊ गेला. पोळा होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. गाईसाठी धुऱ्यावरचं गवत कापताना त्याला घोणस चावली. आमच्याकडे तिला परड म्हणतात. मी तालुक्याला होतो. घरी माय आणि वहिनी. गाडी मिळाली, पण मायनं ती आधी शेजारच्या गावातल्या झाडणाऱ्याकडे वळवली. दोन तास गेले. तिथून ग्रामीण रुग्णालय आणि मग यवतमाळ. तोवर लघवीतून रक्त जात होतं. तिसऱ्या दिवशी किडन्या बंद पडल्यानं दादा गेला.

झाडणाऱ्याचा उतार लागू पडतो असं लोकांना का वाटतं, ते सांगायला हवं. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. अशा माणसाला कोणीही लिंबाचा पाला फिरवला तरी तो उठून घरी जातो आणि नाव झाडणाऱ्याचं होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अंगात भिनलं की त्यावर औषध एकच, दवाखान्यातलं प्रतिविष. त्यात प्रत्येक तास मोलाचा. हे मला पाठ होतं. मायला ते मी कधी सांगितलं नव्हतं.

त्या दोन तासांचं ओझं माय उरावर घेऊन फिरत होती. आम्ही कोणी ते ओळखलं नाही. दिवाळीच्या सुमारास शेजारची काकू तिला म्हणाली, पैनगंगेच्या काठावर एक जण गेलेल्या माणसाला बोलावतो, त्याचा आवाज ऐकवतो. माय दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळी नारळ, अगरबत्ती आणि 501. दुसऱ्या खेपेला त्यानं सांगितलं, पोराचा जीव धुऱ्यावर अडकला आहे, पाणी मागतोय, वाट मोकळी करायला 5,100 लागतील. तिनं ते दिले.

मला कळलं तेव्हा मी जे केलं, ते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महाग काम. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना मी मायला म्हणालो, "मेलेला माणूस बोलतो का कधी? एवढ्या वयात एवढंही समजत नाही?" माय म्हणाली, "थो बोलला रे. मी आईकलं." मी हसलो. आणि मग तोंडातून गेलं, "पहिल्यांदाही असाच विश्वास ठेवला अन् तूच त्याले झाडणाऱ्याकडे नेलं."

माय उठून आत गेली. चूल पेटवायची वेळ होती, तरी त्या रात्री तिनं चूल पेटवली नाही.

माझ्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. पण त्या दिवसापासून मायनं त्या माणसाबद्दल माझ्यासमोर अवाक्षर काढलं नाही. तिचं जाणं सुरूच राहिलं, फक्त मला कळेनासं झालं. आधी शेजारीण सोबत असायची, आता ती एकटी जाऊ लागली. जानेवारीत तिनं तिची एकदाणी गहाण ठेवून 21,000 दिले, ते मला मार्चमध्ये सावकाराच्या पोराकडून समजलं. ओट्यावर हसलो नसतो, तर निदान एकदाणी गहाण पडताना मला माहीत तरी झालं असतं.

मार्चमध्येच गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख वहिनीच्या खात्यावर जमा झाले. सर्पदंशाचा मृत्यू त्या योजनेत बसतो. आणि बरोबर त्याच महिन्यात निरोप आला, की आता दादाच्या पोरावर सावली पडली आहे, सोमवतीला शेवटची पूजा करावी लागेल. गावात कोणाच्या खात्यावर काय आलं हे चार दिवसांत सगळ्यांना माहीत होतं. आपल्या घरी अपघाताचे, विम्याचे किंवा आत्महत्येच्या मदतीचे पैसे येणार असतील, तर त्या महिन्यात दारात नवीन कोण येतं, कोणाचा निरोप येतो, त्यावर नजर ठेवा.

एप्रिलच्या सोमवती अमावस्येला मी मायला आणि वहिनीला घेऊन गेलो. खरं कारण सांगतो, मला मायचा राग घालवायचा होता. पहाटे चिठ्ठ्या वाटतात, आमची 41 नंबरची. टिनाच्या शेडखाली शंभरेक माणसं. मायच्या बाजूला एक बाई बसली होती, हातात कापडी पिशवी, डोळ्यांत पाणी. "माहा पोरगा गेला जी मोटारसायकलवरून. तुमचं कोण गेलं?" तिनं मायला घोटभर चहा दिला. माय तिला तास दीड तास सांगत राहिली. दादाला भाकरीसोबत मिरचीचा ठेचा लागायचा, मी लहानपणी दप्तर पाठीवरून उतरवत नसे म्हणून तो मला दप्तर म्हणायचा, असं सगळं. मी शेजारीच होतो, पण मी त्या वेळी लोकांकडे पाहत होतो. मध्ये एकदा ती बाई पाण्याला म्हणून उठली आणि बऱ्याच वेळानं आली.

आत अंधार, ऊद, आणि काळी घोंगडी पांघरून तो माणूस. आधी नुसतं घुमणं. मग आवाज बारीक झाला. "माय... पाय जळून राह्यला माय." माय थरथर कापायला लागली. आणि मग तो आवाज माझ्याकडे वळला. "दप्तर, तू आला का रे?"

मी रडलो. मला सगळं माहीत असून रडलो. सहा-सात महिन्यांत मला त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. त्या क्षणी तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, हा दादाच आहे. पदवी, विज्ञान, काही आडवं आलं नाही. वहिनीनं पिशवीतून 51,000 काढून पाटावर ठेवले. मी तिचा हात धरला नाही. जी माणसं म्हणतात, आम्ही असतो तर फसलो नसतो, त्यांना कदाचित अशी हाक ऐकायची वेळ आली नसेल. येऊही नये.

मे महिन्यात शाळेला सुट्टी. पुढच्या अमावस्येला नंबर लावायला मी एकटाच पहाटे चारला तिथं पोहोचलो. घरामागच्या अंगणात तीच बाई सडा टाकत होती. केस ओले, नेसू कमरेला खोचलेलं, घरच्या माणसासारखी. अर्ध्या तासानं तीच पिशवी हातात घेऊन ती रांगेत येऊन बसली आणि एका म्हाताऱ्याला म्हणाली, "माहा पोरगा गेला जी."

मी गाडी वळवून घरी आलो. मायला ओरडून सांगावं असं शंभरदा वाटलं. पण ओट्यावरचा दिवस आठवत होता. शिवाय मी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ती बाई त्याच्या घरी कामाला असेल. मग मी रोज संध्याकाळी मायजवळ बसायला लागलो. ती शेंगा फोडायची, मी सोबत फोडायचो. एवढंच विचारायचो, "माय, दादा काय बोलला? अजून काय म्हणे?" मध्ये बोलायचं नाही, खोडायचं नाही. पहिले दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी सांगायला लागली.

संत गाडगेबाबा आमच्याच मुलखातले. 1876 साली शेंडगावला जन्मले. त्यांच्या कीर्तनाबद्दल म्हातारी माणसं सांगतात, की बाबा लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढत. दरवर्षी 20 डिसेंबरला पुण्यतिथीच्या कार्यक्रमात मी हे माइकवरून सांगत आलो होतो. घरात कधी केलं नव्हतं.

सांगता सांगता एकदा मायच म्हणाली, "त्यानं आतापस्तोर बैलाचं नाव नाई काढलं." आणि थांबली. दादानं जून 2023 मध्ये बैलजोडी बाजारात विकली होती. चाऱ्याचा आणि गड्याचा खर्च झेपत नव्हता. विकून आला त्या रात्री तो जेवला नाही. त्या वर्षीचा पोळा आमच्या दारात बैलाविना गेला आणि पंधरा दिवसांत तो स्वतः गेला. हे मायनं रांगेतल्या बाईला सांगितलं नव्हतं, कारण ते आठवलं की तिला बोलवत नसे.

जूनच्या अमावस्येला माय म्हणाली, मला घेऊन चल. मी काही न विचारता नेलं. आत गेल्यावर घोंगडीआडून आवाज आला तेव्हा तिनं विचारलं, "बापू, बैलायले ढेप देऊ का रे रोज?" आवाज म्हणाला, "दे माय. माही जोडी उपाशी ठेवू नको."

माय काही बोलली नाही. पाटावर ठेवलेले 501 तिनं परत उचलले, पदरात बांधले आणि बाहेर आली. एसटी स्टँडपर्यंत गाडीवर मागे बसून तिनं माझा खांदा धरला होता, तेवढंच. उतरल्यावर म्हणाली, "थो माहा पोरगा नोहे."

शेतकऱ्याच्या घरात बैलजोडी असणारच, हा त्या माणसाचा अंदाज. सर्पदंश म्हटलं की पाय जळणारच. लोक बरोबर निघालेलं तेवढं घरी घेऊन जातात आणि चुकलेलं वाटेत सांडतं. पुढे मी हुडिनी या जादूगाराबद्दल वाचलं. त्याची आई 1913 साली गेली. 1922 मध्ये अमेरिकेत शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉइलच्या बायकोनं हुडिनीच्या आईचा आत्मा अंगात आल्याचं सांगून त्याला पानंच्या पानं मजकूर लिहून दिला. तो इंग्रजीत होता आणि वर क्रूसाची खूण. हुडिनीची आई यहुदी धर्मगुरूची बायको, तिला इंग्रजी बोलता येत नव्हतं. मायनं बैलावरून ओळखलं, त्यानं भाषेवरून. डॉइलला मात्र ते पटलं नाही आणि दोघांची मैत्री तुटली.

गेलेलं माणूस कुठं असतं यावर मी आता मायशी वाद घालत नाही. पित्तरपाटात ती दादाच्या नावानं पान वाढते, ते पान छपरावर मी ठेवतो. ठेचा सुद्धा वाढतो. त्यात कोणी कोणाचे पैसे नेत नाही, कोणाला घाबरवत नाही. पण "पैसे द्या नाहीतर पोरावर सावली येईल" असं जिथं कोणी म्हणतो, तिथं गप्प राहून मान राखण्यात अर्थ नाही. मी एप्रिलमध्ये गप्प राहिलो आणि 51,000 गेले. फक्त आवाज चढवायचाच असेल तर त्या माणसावर चढवा. शोकात बसलेल्या बाईवर मी चढवला होता.

आणि त्या माणसावर चढवायला कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्यात अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून भीती घालणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000. कीर्तन, भजन, वारी यांना त्यात हात लावलेला नाही, हे घरच्या मोठ्यांना आधी सांगा, म्हणजे ते बिचकत नाहीत. ठाण्यात गेल्यावर या कायद्याखालच्या दक्षता अधिकाऱ्याला भेटायचं आहे असं स्पष्ट म्हणा.

आम्ही गेलो तेव्हा पुराव्याला रोखीची पावती नव्हती. वहिनीच्या पासबुकात 51,000 काढल्याची नोंद होती, सावकाराकडची गहाणाची चिठ्ठी होती आणि मायनं जपून ठेवलेली 41 नंबरची चिठ्ठी. जबाब देताना माय अडखळली नाही. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, आजी, तुम्ही पुन्हा पुन्हा का जात होत्या? मला वाटलं ती म्हणेल, पोराचा आवाज ऐकायला.

ती म्हणाली, "मी त्याले दर खेपेले एकच इचारत होती. बापू, तू माह्यावर रागावला का? अन् थो दर खेपेले म्हणे, पुढच्या अमावस्येले सांगतो."

घरी येताना आर्णीच्या अलीकडे मी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला बसून मी मायला सांगितलं, की ओट्यावर बोललो ते बोलायला नको होतं. झाडणाऱ्याकडे नेलं ते चुकलंच, पण तिला जे ठाऊक होतं त्यातलं सगळ्यात लवकरचं तिनं केलं. आणि सापाचं औषध मला माहीत असून मी घरात कधी सांगितलं नव्हतं, ते माझंही चुकलं. दादाला यवतमाळला नेताना गाडीत तो शुद्धीवर होता, वहिनीनं मला सांगितलं होतं, तो तेव्हा मायला पाणी पाजा म्हणत होता.

"मले पाणी पाजा म्हणे?" मायनं विचारलं.

"हो. तुले."

तिनं ते परत दोनदा विचारलं. मी परत दोनदा सांगितलं.