प्रोजेक्टरचा आवाज आणि माझे १४,८५० रुपये

प्रोजेक्टर दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या एका मेकॅनिकने मला कसं फसवलं ते आकड्यांपासूनच सुरू करतो, ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या. भेटीचे ५००, 'इम्पोर्टेड फोटोसेल'चे (उजेडाची वीज करणारा भाग) ७,५००, तोच फोटोसेल म्हणे कस्टममध्ये अडकला म्हणून ४,८५० आणि मजुरी २,०००. एकूण १४,८५० रुपये. पैसे चाळीच्या मंडळाचे, सही माझी. थोडे थोडे करून पैसे कसे काढतात ते तुम्हाला ठाऊक आहे, ते उगाळत नाही.

गिरगावातल्या आमच्या चाळीकडे १६ एमएमचा बेल अँड हॉवेल प्रोजेक्टर आहे, गणपतीत गल्लीत पडदा बांधून सिनेमे दाखवायचे तेव्हाचा. चित्र आजही झकास. आवाज मात्र गेला, नुसती घूंऽऽ.

हा मेकॅनिक आला, प्लग लावला, व्हॉल्यूम पूर्ण पिळला, स्पीकरला कान लावला आणि म्हणाला, "अँप्लिफायर आणि फोटोसेल, दोन्ही गेले काका." रीळ चढवलंसुद्धा नाही! अहो, घूं येतेय म्हणजे अँप्लिफायर जिवंत आहे. साउंड ड्रमजवळचं झाकण दोन बोटांनी निघतं. आत एक्सायटर लॅम्प असतो. त्याचा उजेड फिल्मच्या कडेवरच्या साउंडट्रॅकमधून फोटोसेलवर पडतो, तेव्हा कुठे आवाज होतो. म्हणजे आधी तो लॅम्प पेटतोय का ते बघायचं. पेटत असेल तर उजेडासमोरून पोस्टकार्ड हलवायचं, स्पीकरमधून थपथप आलं तर फोटोसेल ठणठणीत. पाच मिनिटांचं काम, फुकटात. त्या माणसाने झाकणाला बोटही लावलं नाही आणि मी शेजारी त्याच्यासाठी चहा घेऊन उभा!

आता चाळीतले शहाणे विचारतात, "तुम्हाला कळलं कसं नाही?" कसं कळणार? मी जन्मभर लेजर लिहिली. लॅमिंग्टन रोडला विचारून आलो होतो, असली मशीन उघडायला कोणी तयार नाही. हा एकटा 'हो' म्हणाला, वर मोबाईलवर थिएटरांच्या केबिनमधले स्वतःचे फोटो दाखवले. तुम्हीही दिले असते पैसे.

मशीन त्याच्या दुकानातून परत आलं ते आणखी बिघडून. आवाज गोधडीखालून आल्यासारखा, आणि ओठ एकीकडे, संवाद दुसरीकडे. फोन केला तर म्हणे, "अँप्लिफायर नवा आहे, सेट व्हायला वेळ लागतो." साफ खोटं. १६ एमएमवर आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो, खालचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल ठेवलेला वळसा, लहानमोठा झाला की ओठ चुकतात. अँप्लिफायरचा काडीचा संबंध नाही. (स्पीडही बघून घ्या. सेकंदाला २४ फ्रेमऐवजी १८ वर राहिला तर नायिकासुद्धा भसाड्या आवाजात बोलते.)

शेवटी शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त ऑपरेटरकाकांनी झाकण काढलं. आत स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब, तांब्याच्या तारेने आवळून बांधलेला. खऱ्या लॅम्पची फिलामेंट आडवी, सरळ असते, उजेड ज्या बारीक फटीतून जातो तिच्यासमोर नेमकी बसणारी. लॅम्पचा उजेड साउंडट्रॅकवर एकवटणारी साउंड लेन्स बदललेली, तीही ओरखडे पडलेली. आणि अँप्लिफायरमधले 'नवे' कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जुनेच, त्यांच्यावरची धूळसुद्धा पुसली नव्हती.

पोलिसांत गेलो. म्हणे त्याचं दुकान आमच्या हद्दीत नाही. तिकडे गेलो, तर हा दिवाणी मामला आहे. फारच मागे लागलो तेव्हा एन.सी., म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून दिली आणि वर साहेबांचा सल्ला, "टाकून द्या हो ते डबडं, यूट्यूबवर सगळं दिसतं." पैशांच्या फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर, तुम्हीच स्वतःहून पैसे पाठवलेत ना? बँकेचंही तेच. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असो घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं, १ जुलै २०२४ पासून. मी छापील कागद पुढे केला, तो त्यांनी न वाचता माझ्याच फाईलखाली सारला. चोराला नाही, मलाच दहा प्रश्न! आता ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही.

मशीन दुकानात सोडू नका. सोडावंच लागलं तर लॅम्प, लेन्स, फोटोसेल यांचे जवळून फोटो काढा. काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा. पावतीशिवाय रुपया नाही.

आणि चोरबाजारात कुणाला बेल अँड हॉवेलची साउंड लेन्स विकायला दिसली तर तिची रिंग बघा. आमच्या लेन्सवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. दिसलीच तर दुकान कुठलं तेवढं कळवा, पुढचं मी बघतो.