मुकादमाची उचल की खात्यावरचे दीड हजार?

शिरोळ-करवीरच्या उसाच्या फडात राबणाऱ्या जोडप्याला मुकादमाकडून (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, एकरकमी मिळते. लग्न, दवाखाना, छपराचे पत्रे एका दमात उरकतात. पण ती फिटेपर्यंत तो कोयता, म्हणजे ते जोडपं, मुकादमाच्या दावणीला. आजारपणाचा खाडासुद्धा त्याच वहीत चढतो.

लाडकी बहीण योजनेचे, २०२४ पासूनचे, महिना १५०० रुपये त्यापुढे किरकोळच. घर त्यात उभं राहत नाही, कबूल. तरी दुकानाची उधारी भागते, दारात शेळी येते आणि भांगलणीची (तण काढायची) मजुरी पाडून सांगितली तर बाई “परवडत न्हाई” म्हणू शकते. माझ्या मते फरक इथंच आहे. मात्र ऑपरेशनचा खर्च एकदम अंगावर आला की पाय मुकादमाकडेच वळतात.