कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळावरची डॉक्युमेंटरी: पाचपैकी दोन स्टार

महाद्वार रोडला माझं ओटीच्या सामानाचं दुकान आहे, म्हणून आवर्जून बघितली. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात, त्या किरणोत्सवाचं चित्रण देखणं आहे. २०११चं बायकांच्या गाभारा प्रवेशाचं आंदोलन, वंशपरंपरेच्या पुजाऱ्यांऐवजी पगारी पुजारी नेमायचा २०१८चा कायदा, सगळं घेतलंय. पण पुजारी बोलायला लागले की कॅमेरा त्यांच्या अंगठ्यांवर जातो आणि मागं भीतीदायक संगीत वाजतं. आंदोलक बोलताना मात्र लख्ख उजेड आणि बासरी! मी स्वतः आंदोलनाच्या बाजूची, तरी हे पटलं नाही. समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकू तरी द्या की. आणि पहाटे काकडआरतीला अनवाणी येणाऱ्या बायका? पडद्यावर त्यांच्या नुसत्या पाठी दिसतात. गाभाऱ्यात कुणी जावं, पूजा कुणी करावी, हे त्यांना कुणी विचारलेलंच नाही.