वाचनसंकल्पासाठी दादरचा संदर्भ विभाग

लेखन सुधारावे म्हणून वाचनाचा संकल्प करणाऱ्याने १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादर येथील संदर्भ विभाग अवश्य वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन. तेथील जुनी नियतकालिके वाचताना एकाच विषयावर लिहिणारे दोन लेखक वाक्य कोठे लांबवतात, क्रियापद कोठे ठेवतात आणि परिच्छेद कोठे थांबवतात हे शेजारी ठेवून ताडता येते, आणि लिहिणाऱ्याला वाचलेल्या पुस्तकांच्या संख्येपेक्षा ही तुलनाच अधिक शिकवते. म्हणून संकल्पात कथा-चरित्रांबरोबर एखादे दोलामुद्रितही, म्हणजे मराठी छपाईच्या बाल्यावस्थेत, १८६७ पर्यंत छापलेले पुस्तकही, असावे. घडत असलेले मराठी गद्य त्यात दिसते, याचा मला फार आनंद वाटतो. वही मात्र सोबत न्यावी, कारण आवडलेला उतारा हाताने उतरवतानाच त्याची लय कळते.