कोड सेन्सरचा, बिघाड फ्यूजचा, बिल १३,८०० रुपये

कोल्हापुरात गाडी वापरणाऱ्या सगळ्यांना हे कळावं म्हणून लिहितोय. ऑक्सिजन सेन्सरच्या (सायलेन्सरच्या पाइपात बसणारा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा पार्ट) नावाखाली माझ्याकडून १३,८०० रुपये उकळले.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता आणि अॅव्हरेजही पडलं होतं. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. पी०१३५ आणि पी०१४१ असे बिघाडाचे दोन कोड आले. "साहेब, पुढचा-मागचा दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेलेत, बदलायलाच पाहिजेत," म्हणाला. संध्याकाळी गाडी मिळाली, दिवा बंद. पण थोड्याच दिवसांत पुन्हा लागला. परत गेलो तर म्हणे आता इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बघावा लागेल. तिथून मी थेट उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली.

मिस्त्रींनी कोड बघितले आणि म्हणाले, "हे दोन्ही कोड सेन्सरच्या हीटरच्या सर्किटचे हायत. दोन हीटर एकाच टायमाला कसे जातील?" सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. तो बंद पडला की गाडी सुरू केल्यावर बराच वेळ इंजिनाचा कॉम्प्युटर अंदाजानेच पेट्रोल सोडतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं अॅव्हरेज त्यामुळे पडतं.

त्यांनी सेन्सरचा कनेक्टर काढला, इंजिन चालू ठेवून हीटरच्या वायरवर मल्टीमीटर लावला. तिथे १२ व्होल्ट यायला हवे होते, काहीच येत नव्हतं. माझ्या गाडीत दोन्ही हीटरना एकाच फ्यूजमधून करंट जातो आणि तो फ्यूज उडालेला होता. सायलेन्सरच्या पत्र्याला घासून वायर उघडी पडली होती. वायरला स्लीव्ह चढवली, नवा फ्यूज टाकला, काम झालं.

गाडी रॅम्पवर होती तेव्हा मिस्त्रींनी मला खाली बोलावलं. पुढचा सेन्सर नवा, चकचकीत. मागच्यावर पावसाळ्यातला लाल चिखल वाळून बसलेला, बुडाशी आट्यांवर जुना गंज जसाच्या तसा. "ह्याला पाना लागलेलाच न्हाई," म्हणाले. बिलात मात्र 'सेन्सर २ नग'. पार्ट नंबर नाही, कंपनीचं नाव नाही.

दिवा विझला म्हणजे काम झालं असं अजिबात समजू नका. स्कॅनरने कोड पुसला की दिवा जातोच. बिघाड तसाच असेल तर कॉम्प्युटर पुन्हा तपासणी करून तो लावतो. या मधल्या काळात पैसे घेऊन मोकळं होता येतं.

सेन्सर बदलायला सांगितला तर आधी स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असतानाचे सेन्सरचे आकडे, दाखवायला सांगा. नेहमीच्या प्रकारच्या सेन्सरमध्ये गरम इंजिनावर पुढच्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखं वरखाली होतं. मागचं बऱ्यापैकी स्थिर राहतं. पुढचं खालीच अडकलं असेल तरी लगेच सेन्सरला दोष देऊ नका. इंजिन आणि सेन्सरच्या मधल्या सायलेन्सरच्या जोडाला गळती असली तर बाहेरची हवा आत येते आणि चांगला सेन्सरही चुकीचं दाखवतो. आणि काढलेला जुना पार्ट त्याच दिवशी हातात घ्या. माझे जुने सेन्सर म्हणे भंगारात गेले.

मागच्या सेन्सरचे फोटो दाखवल्यावर मालकाने त्याचे पैसे परत केले. पुढच्याचे द्यायला तयार नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, बिल आणि फोटो जोडलेत.